‘मी तर कशालाच हात लावला नाही’: संगणकावर मेल येणे अचानक थांबते तेव्हा

जुलैचा शेवटचा आठवडा म्हणजे आयकर विवरणपत्रांची घाई. अशाच एका आठवड्यात, गुरुवारी सकाळी, कर सल्लागार असलेल्या एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांच्या कार्यालयातील संगणकावर मंगळवारी ११ वाजून ४० मिनिटांनी शेवटचा मेल आला होता आणि त्यानंतर इनबॉक्स जो गप्प झाला तो झालाच. इकडून पाठवलेले मेल मात्र बिनबोभाट जात होते, चूक दाखवणारी एकही खिडकी पडद्यावर उघडत नव्हती आणि ‘सेंड-रिसीव्ह’चे बटण दाबले की सर्व काही पूर्ण झाल्याचे खालच्या पट्टीत दिसत होते. बुधवारी त्यांच्या सहायकाने ‘एकदा खाते काढून परत जोडून बघू’ असे म्हणून तोही उपाय करून पाहिला होता. त्यातून नवा मेल एकही आला नाही. उलट गेल्या सहा वर्षांतले जुने मेल दुसऱ्यांदा उतरू लागले आणि त्या गर्दीत नवे कोणते, जुने कोणते हेच कळेनासे झाले. फोनवर त्यांचे पहिले वाक्य होते, “अहो, मी तर कशालाच हात लावला नाही.”

हे वाक्य ऐकून संगणक दुरुस्त करणारी मंडळी गालातल्या गालात हसतात. माझा अनुभव असा, की मेलच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरे असते. आउटलुक किंवा थंडरबर्ड यांसारखा संगणकावरचा मेल प्रोग्राम एकट्याने काम करत नाही. पाठवणाऱ्याचा सर्व्हर, आपली पेटी सांभाळणारा सर्व्हर, मधला इंटरनेटचा रस्ता, रस्त्यावर पहारा देणारा अँटिव्हायरस, प्रोग्राम स्वतः आणि त्याची डिस्कवरची फाइल, इतक्या जणांचे एकमेकांशी जमले तरच मेल दिसतो. यांपैकी आपल्या हाताखाली फक्त शेवटचे तीन असतात. काल चालू असलेली गोष्ट कोणीही न छेडता आज बंद पडते, तेव्हा कुठेतरी एखादी मुदत संपलेली असते, जागा भरलेली असते किंवा पलीकडच्याने नियम बदललेला असतो. म्हणून सेटिंग उचकण्यापूर्वी एकच प्रश्न विचारायचा असतो: मेल या क्षणी नेमका कुठे अडकला आहे?

पोस्टातली पेटी आणि शिपाई

पूर्वी व्यापारी पेढ्या पोस्ट ऑफिसात स्वतःची क्रमांकाची पेटी भाड्याने घेत असत. पत्रे त्या पेटीत पडत आणि पेढीचा शिपाई किल्ली घेऊन दिवसातून दोनदा जाऊन ती घेऊन येई. संगणकावरचा मेल प्रोग्राम म्हणजे हा शिपाई. मेल त्याच्याकडे थेट येत नाही. तो सर्व्हरवरच्या पेटीत येतो आणि प्रोग्राम दर दहा-पंधरा मिनिटांनी किल्ली, म्हणजे आपला पासवर्ड, घेऊन तिथे जातो. ही उपमा मी ओढूनताणून आणलेली नाही. मेल आणण्याच्या सर्वांत जुन्या प्रचलित पद्धतीचे नावच पॉप आहे आणि त्यातील पहिली दोन अक्षरे ‘पोस्ट ऑफिस’ याच शब्दांची आहेत. तिची पहिली आवृत्ती १९८४ सालची. आज सर्वत्र चालणारी तिसरी आवृत्ती १९८८ मध्ये आली आणि तिचे सध्याचे मानक १९९६ सालचे आहे.

शिपाई रिकाम्या हाताने परतला तर तीनच शक्यता उरतात. पत्र पेटीत पडलेच नाही. पत्र पेटीत आहे, पण शिपायाला आत जाता आले नाही. किंवा शिपायाने पत्र आणून ठेवले आहे, पण आपण भलत्याच खणात शोधत आहोत. यांतली कोणती शक्यता खरी, हे कळायला दोन मिनिटे पुरतात. ब्राउझर उघडून त्याच खात्याचे वेबमेल पाहावे आणि दुसऱ्या एखाद्या खात्यावरून स्वतःलाच एक चाचणी मेल पाठवावा. चाचणी मेल वेबमेलमध्येही दिसला नाही, तर संगणकावरचा प्रोग्राम निर्दोष आहे आणि त्याच्या सेटिंगला हात लावण्याचे काहीच कारण नाही. वेबमेलमध्ये दिसला आणि प्रोग्राममध्ये नाही, तर दोष प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या दरम्यान आहे. वेबमेलचा पासवर्डच चालला नाही, तर उत्तर तिथेच मिळाले. मी पाहिलेल्या बहुतेक प्रकरणांत लोक ही दोन मिनिटे वाचवतात आणि पुढचे दोन दिवस घालवतात.

या चाचणीत एक खाच आहे. पॉप पद्धतीत प्रोग्राम मेल उतरवून घेतो आणि तशी सेटिंग असेल तर सर्व्हरवरची प्रत काढून टाकतो. एकाच खात्यावर दोन संगणक लावलेले असतील तर जो आधी पोहोचतो तो मेल घेऊन जातो आणि दुसऱ्याला पेटी रिकामी दिसते. कार्यालयातला मेल अचानक ‘बंद’ होण्यामागे घरच्या लॅपटॉपवर मुलाने हौसेने तेच खाते जोडलेले असणे, हे कारण मी एकाहून अधिक वेळा पाहिले आहे. दुसरी पद्धत आयमॅप. ती मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात विकसित केली. तिच्यात मेल सर्व्हरवरच राहतो आणि फोन, लॅपटॉप, कार्यालयातला संगणक हे सगळे त्याच एका पेटीकडे पाहतात. आपले खाते कोणत्या पद्धतीने जोडले आहे हे खात्याच्या सेटिंगमध्ये लिहिलेले असते. ते आधी पाहून ठेवावे, कारण पुढचे अनेक निर्णय त्यावर ठरतात.

पेटीतच पडले नाही

वर सांगितलेल्या कार्यालयातले वेबमेल मी उघडायला लावले. तिथेही मंगळवारनंतर काहीच नव्हते, माझा १० वाजून १५ मिनिटांनी पाठवलेला चाचणी मेलही नव्हता. मात्र डाव्या कोपऱ्यात खाली एक बारीक लाल पट्टी होती: ५ जीबीपैकी ५ जीबी. सहा वर्षांपूर्वी कोणीतरी खाते जोडताना ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’ या चौकोनात बरोबरची खूण केली होती आणि ती किती दिवसांनी काढायची हे सांगितले नव्हते. शिपाई रोज पत्रांची नक्कल घेऊन येत होता आणि मूळ पत्र पेटीतच सोडत होता. मंगळवारी ११ वाजून ४० मिनिटांनी पेटी गच्च भरली. प्रोग्राम ‘नवीन मेल नाही’ असे म्हणत होता ते शब्दशः खरे होते, म्हणूनच तो कोणतीही चूक दाखवत नव्हता. जाणारे मेल वेगळ्या दाराने जातात, त्यामुळे तेही अडले नव्हते.

‘मग माझ्या अशिलांना त्यांचे मेल परत का आले नाहीत?’ हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पेटी भरलेली असताना सर्व्हर दोन प्रकारे नकार देऊ शकतो. कायमचा नकार दिला तर पाठवणाऱ्याला लगेच मेल परत येतो. तात्पुरता नकार दिला, म्हणजे ‘आत्ता नाही, थोड्या वेळाने या’ असे सांगितले, तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर तो मेल रांगेत ठेवून ठरावीक अंतराने पुन्हा प्रयत्न करतो, आणि मेल पाठवण्याच्या मानकाची अपेक्षा अशी आहे, की हे प्रयत्न निदान चार-पाच दिवस चालू राहावेत. त्यामुळे पाठवणाऱ्याला मेल गेल्यासारखे वाटते, घेणाऱ्याला तो आल्यासारखा वाटत नाही आणि दोघेही एकमेकांना खोटे ठरवतात.

जीमेलच्या फुकट खात्यात हाच प्रकार जरा फसवा असतो. तिथली १५ जीबी जागा एकट्या मेलची नसते. ड्राइव्ह आणि फोटो यांचीही तीच असते. लग्नाचे व्हिडिओ फोनवरून आपोआप वर चढत राहिले आणि जागा संपली, तर बंद पडतो तो कार्यालयाचा मेल. मेलची पेटी तपासणाऱ्याला ती अर्धी रिकामी दिसते आणि तो चक्रावतो.

स्वतःच्या नावाचे डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यात @ नंतर येणारे स्वतःचे नाव, वापरणाऱ्या छोट्या संस्थांमध्ये आणखी एक कारण आढळते आणि ते फार वाईट असते: डोमेनची वार्षिक मुदत संपलेली असते. तसे झाले की जगातील कोणत्याच सर्व्हरला आपली पेटी कुठे आहे याचा पत्ता लागत नाही. नूतनीकरणाची आठवण करून देणारे मेल आलेले असतात, पण ते पाच वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याच्या पत्त्यावर, किंवा ज्याने संकेतस्थळ बनवून दिले त्या मुलाच्या पत्त्यावर. सगळ्या कर्मचाऱ्यांचे मेल एकाच वेळी थांबले असतील आणि संस्थेचे संकेतस्थळही उघडत नसेल किंवा त्या जागी जाहिरातींचे पान दिसत असेल, तर वेळ न दवडता डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या खात्यात प्रवेश करून मुदत पाहावी.

किल्ली चालत नाही

पेटीत मेल आहे आणि प्रोग्राम वारंवार पासवर्ड मागत आहे, हे चित्र गेल्या काही वर्षांत सर्वाधिक दिसले. माणूस बरोबर पासवर्ड टाकतो, खिडकी बंद होते आणि क्षणात पुन्हा उघडते. पासवर्ड चुकलेला नसतो. पासवर्ड देण्याची ती रीतच बंद झालेली असते. जुन्या रीतीत प्रोग्राम दर खेपेस पूर्ण पासवर्ड सर्व्हरच्या हाती देत असे. नव्या रीतीत, तिला ओऑथ म्हणतात, आपण एकदाच कंपनीच्या स्वतःच्या पानावर पासवर्ड आणि ओटीपी देतो आणि ती कंपनी प्रोग्रामला प्रवेशपत्रासारखा एक तात्पुरता संकेत देते. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी जुनी रीत ३० मे २०२२ पासून बंद करायला घेतली. मायक्रोसॉफ्टने संस्थांच्या खात्यांसाठी १ ऑक्टोबर २०२२ पासून आणि हॉटमेल, आउटलुक डॉट कॉम यांसारख्या वैयक्तिक खात्यांसाठी १६ सप्टेंबर २०२४ पासून तेच केले. त्या दिवसांच्या आसपास जगभरातल्या असंख्य लोकांनी कशालाच हात लावला नव्हता.

थंडरबर्डच्या अलीकडच्या आवृत्तीत हा दोष खात्याच्या सेटिंगमध्ये जाऊन ओळख पटवण्याची पद्धत ‘ओऑथ २’ अशी निवडली की जातो. जुना प्रोग्रामच सोडवत नसेल, तर गूगलच्या खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करून सोळा अक्षरी ‘ॲप पासवर्ड’ तयार करता येतो आणि तो नेहमीच्या पासवर्डच्या जागी टाकता येतो. मायक्रोसॉफ्टच्या खात्यांत ही पळवाट आता मेल उतरवून घेण्यासाठी उपयोगाची नाही. तिथे ओऑथ समजणारा प्रोग्रामच हवा. विंडोज लाइव्ह मेल किंवा आउटलुक २०१० यांवर ज्यांचा जीव आहे त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, पण ते प्रोग्राम ही नवी भाषा कधी शिकणार नाहीत. विंडोजबरोबर मिळणारे जुने ‘मेल’ हे ॲप तर ३१ डिसेंबर २०२४ नंतर मायक्रोसॉफ्टनेच बंद केले. ते दुरुस्त करण्यात वेळ घालवू नये.

इथे एक बारीक गोष्ट लक्षात ठेवावी. गूगल खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी बनवलेले सगळे ॲप पासवर्ड आपोआप रद्द होतात. मुलीने रविवारी वडिलांच्या फोनवर सुरक्षेसाठी पासवर्ड बदलून दिला, फोनवर मेल व्यवस्थित येत राहिला आणि सोमवारी दुकानातल्या संगणकावरचा मेल थांबला, तर या दोन घटनांचा संबंध जोडायचे कोणाला सुचत नाही.

छोट्या होस्टिंगवर, म्हणजे सर्व्हरवरची जागा भाड्याने देणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे, याचीच एक निराळी तऱ्हा असते. कार्यालयात चार संगणक आहेत आणि पासवर्ड बदलल्यावर तीनच संगणकांवर नवा टाकला गेला. चौथा संगणक कोपऱ्यात बसून दर दहा मिनिटांनी जुना पासवर्ड घेऊन सर्व्हरचे दार ठोठावत राहतो. काही खेपांनंतर सर्व्हरला हा चोरीचा प्रयत्न वाटतो आणि तो त्या कार्यालयाच्या संपूर्ण इंटरनेट जोडणीलाच बंदी घालतो. मग चारही संगणकांवरचा मेल थांबतो, बरोबर पासवर्ड असलेल्यांवरचासुद्धा. हे ओळखायची युक्ती सोपी आहे: संगणक काही मिनिटांसाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटला जोडावा. मेल लगेच धो धो उतरू लागला, तर प्रोग्राम आणि पासवर्ड दोन्ही ठीक आहेत आणि अडथळा कार्यालयाच्या जोडणीत, राउटरमध्ये किंवा सर्व्हरने घातलेल्या बंदीत आहे. मेल आणण्याची सुरक्षित दारे ठरलेली आहेत, पॉपसाठी ९९५ आणि आयमॅपसाठी ९९३ क्रमांकाचे पोर्ट. एखाद्या हॉटेलच्या किंवा कचेरीच्या वायफायवर ही दारे मुद्दाम लावून ठेवलेली असू शकतात.

प्रमाणपत्राची मुदत

सर्व्हर हा खरोखर तोच आहे, मधला कोणी तोतया नाही, हे दाखवण्यासाठी तो प्रत्येक वेळी एक डिजिटल प्रमाणपत्र पुढे करतो आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. फुकट प्रमाणपत्रे देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची नेहमीची प्रमाणपत्रे दीर्घकाळ ९० दिवसांची असत आली आहेत. ती आपोआप नवी होत राहावीत अशी योजना असते, पण ती यंत्रणा एखाद्या रात्री अडली की सकाळी मेल बंद. इशाऱ्याच्या खिडकीत ‘प्रमाणपत्राची मुदत संपली’ असे लिहिलेले असेल, तर चूक होस्टिंगवाल्याची आहे आणि ती त्यानेच दुरुस्त करायची आहे. ‘तरीही पुढे जा’ हे बटण दाबण्याचा मोह टाळावा, कारण त्या क्षणी आपण आपला पासवर्ड ओळख न पटलेल्या सर्व्हरला देत असतो.

इशाऱ्यात ‘प्रमाणपत्र अद्याप सुरू झालेले नाही’ असे असेल, तर सर्व्हरला बोल लावण्यापूर्वी आपल्याच पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ पाहावे. जुन्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, बहुतेक यंत्रांत सीआर २०३२ या क्रमांकाची. ती संपली की वीज गेल्यावर संगणक तारीख विसरतो आणि स्वतःला कित्येक वर्षे मागे समजू लागतो. त्याच्या दृष्टीने आजचे प्रमाणपत्र भविष्यकाळातले ठरते. दुरुस्तीचा खर्च एका बॅटरीचा. याच कुळातला एक मोठा प्रसंग ३० सप्टेंबर २०२१ रोजी घडला. लेट्स एन्क्रिप्टच्या प्रमाणपत्रांना आधार देणाऱ्या एका जुन्या मूळ प्रमाणपत्राची मुदत त्या दिवशी संपली आणि अद्ययावत न केलेल्या अनेक जुन्या यंत्रांनी चांगल्या सर्व्हरांनाही तोतया ठरवले.

याच्या उलट, प्रोग्राम नवा आणि सर्व्हर जुना असेही होते. २०२० मध्ये थंडरबर्डची ७८ वी आवृत्ती आली तेव्हा तिने सांकेतिक संभाषणाच्या टीएलएस १.० आणि १.१ या जुन्या पद्धती नाकारायला सुरुवात केली. ज्यांच्या सर्व्हरला त्यापुढची पद्धत येत नव्हती त्यांचा मेल प्रोग्राम अद्ययावत होताच थांबला, आणि तोही काही न सांगता. म्हणून मेल थांबला त्या दिवशी प्रोग्राम, विंडोज किंवा अँटिव्हायरस यांपैकी काही अद्ययावत झाले होते का, हे जरूर पाहावे. अँटिव्हायरस मेल तपासण्यासाठी प्रोग्राम आणि सर्व्हर यांच्या मध्ये बसतो आणि स्वतःचे प्रमाणपत्र पुढे करतो. ते प्रोग्रामला पटेनासे झाले की संभाषण तुटते. अशा वेळी सगळा अँटिव्हायरस काढून टाकू नये. त्यातील फक्त मेल तपासण्याचा भाग पाच मिनिटे बंद करून पाहावा.

शिपाई आत गेल्यावर काय बोलतो

पॉपचे संभाषण इतके साधे आहे, की ते एकदा पाहिले म्हणजे अनेक कोडी सुटतात. सर्व्हर ‘ओके’ म्हणून स्वागत करतो. प्रोग्राम ‘यूजर’ म्हणून नाव सांगतो, ‘पास’ म्हणून पासवर्ड देतो, ‘स्टॅट’ म्हणून विचारतो. सर्व्हर दोन आकडे देतो, मेल किती आणि त्यांचे एकूण आकारमान किती. मग ‘यूआयडीएल’ या आज्ञेने प्रोग्राम प्रत्येक मेलचा ओळख क्रमांक मागवतो, तो स्वतःजवळच्या नोंदवहीशी ताडून पाहतो आणि नोंद नसलेले मेलच ‘रीटर’ म्हणत एकेक करून उतरवतो. शेवटी नको असलेल्यांना ‘डेले’ आणि मग ‘क्विट’.

यातली मेख अशी, की ‘डेले’ म्हणताच मेल जात नाही. ‘क्विट’ म्हणून रीतसर निरोप घेतला तरच सर्व्हर खरोखर पुसतो. समजा, रांगेत कोणीतरी पाठवलेला ४० एमबीचा स्कॅन आहे आणि मंद जोडणीमुळे तो उतरता उतरता संभाषण तुटते. निरोप झाला नाही, म्हणून काहीच पुसले गेले नाही. पुढच्या खेपेस शिपाई पुन्हा त्याच अवजड पाकिटापाशी अडखळतो आणि त्यामागची सगळी पत्रे पडून राहतात. प्रोग्राम दर वेळी ‘१७ पैकी ३ रा मेल’ इथेच थांबत असेल तर हेच घडते आहे असे समजावे आणि वेबमेलमध्ये जाऊन तो एक मेल बाजूच्या फोल्डरमध्ये हलवावा. बाकीचे सुरळीत उतरतात.

दुसरी गोष्ट कुलपाची. एका वेळी एकच शिपाई पेटी हाताळू शकतो. तो आत असताना सर्व्हर पेटीला कुलूप घालतो. मेल उतरत असताना वीज गेली, तर सर्व्हरच्या दृष्टीने पहिला शिपाई अजून आतच असतो आणि दुसऱ्याला ‘पेटी वापरात आहे’ असे उत्तर मिळते. मानकानुसार सर्व्हरने गप्प बसलेल्या शिपायाला बाहेर काढण्यापूर्वी निदान १० मिनिटे वाट पाहायची असते. तेव्हा हा संदेश दिसल्यावर दर अर्ध्या मिनिटाला बटण दाबण्यापेक्षा प्रोग्राम बंद करून चहा घेऊन यावे, हा अगदी तांत्रिक सल्ला आहे.

आणि तिसरी गोष्ट त्या नोंदवहीची. थंडरबर्ड ती ‘पॉपस्टेट’ नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये ठेवतो. आउटलुक स्वतःच्या डेटा फाइलमध्ये. खाते काढून पुन्हा जोडले की नोंदवही कोरी होते आणि सर्व्हरवर पडून असलेला प्रत्येक मेल प्रोग्रामला नवा वाटतो. बुधवारी त्या कार्यालयात जुने मेल दुसऱ्यांदा उतरू लागले त्याचे कारण हे. त्यांच्या नशिबाने प्रती सर्व्हरवर होत्या. त्या नसत्या आणि थंडरबर्डमध्ये खाते काढताना ‘मेलचा डेटाही काढा’ या चौकोनात खूण झाली असती, तर सहा वर्षांचा पत्रव्यवहार गेला असता. पॉपचे खाते असेल तर ते काढण्याचा उपाय अगदी शेवटी करावा, आणि तोही आउटलुकची मेल साठवणारी पीएसटी फाइल किंवा थंडरबर्डचे संपूर्ण प्रोफाइल, म्हणजे त्याचे मेल आणि सेटिंग असलेला फोल्डर, दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेतल्यावर. जीमेलचे आयमॅप खाते पुन्हा जोडताना वेगळाच खोळंबा होतो: एका दिवसात २५०० एमबीपेक्षा जास्त उतरवता येत नाही आणि ती मर्यादा ओलांडली की खाते काही काळ अडवले जाते.

आणून ठेवले आहे, पण दिसत नाही

ही शक्यता ऐकायला हास्यास्पद वाटते, म्हणून लोक ती तपासत नाहीत. आउटलुकमधले ‘वर्क ऑफलाइन’ हे बटण चुकून दाबले जाते. थंडरबर्डमध्ये खाली डाव्या कोपऱ्यातल्या छोट्या चिन्हावर एक टिचकी पडली की तेच होते. आउटलुकमध्ये इनबॉक्सचे ‘फोकस्ड’ आणि ‘अदर’ असे दोन भाग असतात आणि मेल दुसऱ्यात जाऊन बसतो. यादी तारखेऐवजी पाठवणाऱ्याच्या नावाने लावली गेली असेल तर नवा मेल मध्येच कुठेतरी असतो. कधीकाळी बनवलेला एखादा नियम ‘बिल’ हा शब्द असलेला प्रत्येक मेल एका विसरलेल्या फोल्डरमध्ये टाकत असतो. नुसत्या न वाचलेल्या मेलचीच यादी दाखवणारी चाळणी लागलेली असू शकते. स्पॅमचा फोल्डर पाहायला तर मी सांगायला नकोच.

फाइलचे प्रश्न जरा गंभीर असतात. आउटलुकच्या २००२ पर्यंतच्या आवृत्त्यांतील पीएसटी फाइलला २ जीबीची मर्यादा होती. २००३ आणि २००७ मध्ये ती २० जीबी झाली आणि २०१० मध्ये ५० जीबी. फाइल काठोकाठ भरली किंवा डिस्कवर जागाच उरली नाही, की मेल उतरतो पण लिहिला जात नाही. डिलीट केलेले मेलसुद्धा फाइल आवळून घेईपर्यंत जागा अडवून बसतात, त्यामुळे नुसते पुसून भागत नाही. ‘कॉम्पॅक्ट’ करावे लागते. थंडरबर्डमध्ये मेल आणि त्यांची अनुक्रमणिका वेगवेगळ्या फाइलींत असतात. अनुक्रमणिका बिघडली तर मेल असूनही दिसत नाहीत. फोल्डरच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘रिपेअर फोल्डर’ हे बटण ती नव्याने तयार करते. आउटलुकसाठी मायक्रोसॉफ्टचे ‘इनबॉक्स रिपेअर टूल’ आहे. तेही फाइलची प्रत काढल्याशिवाय चालवू नये.

मेल बंद पडलेला माणूस घायकुतीला आलेला असतो आणि ठगांना हे चांगले ठाऊक असते. ‘तुमची पेटी भरली आहे, इथे टिचकी मारा’ असा मेल आला तर एक साधा प्रश्न विचारावा: पेटी खरोखर भरलेली असती तर हा मेल आत कसा आला? शोधयंत्रावर ‘कस्टमर केअर’ म्हणून दिसणाऱ्या क्रमांकावर फोन करून, समोरच्याच्या सांगण्यावरून संगणकाचा ताबा देणारे ॲप घेणे, हा तर बँक खाते रिकामे होण्याचा राजमार्ग आहे. तसे काही झालेच तर १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनवर त्याच घटकेला फोन करावा. होस्टिंगवाल्याला फोन करायचा तर तो त्याच्या बिलावरच्या क्रमांकावर, आणि हाताशी तीन गोष्टी ठेवून: शेवटचा मेल किती वाजता आला, वेबमेलमध्ये काय दिसते आणि प्रोग्रामने दाखवलेल्या संदेशाचे शब्द जसेच्या तसे. ‘मेल चालत नाही’ एवढ्यावर तोही ‘बंद करून चालू करा’ यापलीकडे काही सांगू शकत नाही.

त्या कार्यालयात आम्ही जुने मेल आधी संगणकावर सुरक्षित उतरले आहेत ना हे पाहिले, त्यांची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली आणि मगच वेबमेलमधून पहिल्या चार वर्षांचे मेल पुसून कचराही रिकामा केला, कारण कचऱ्यातले मेलही त्याच ५ जीबीत मोजले जात होते. ‘सर्व्हरवर प्रत ठेवा’च्या खाली ‘१४ दिवसांनी काढा’ अशी खूण केली. लाल पट्टी हिरवी झाली, तरी इनबॉक्स तसाच होता. दुसऱ्या सर्व्हरांच्या रांगा आपल्या घाईने हलत नाहीत, हे सहायकाला समजावण्यात अर्धा तास गेला. तीनच्या सुमारास मंगळवारचे मेल यायला लागले, कोणाचे आधी, कोणाचे नंतर, काहीच क्रम नसलेले. सहा वाजता माझा मेल आला. विषय होता ‘चाचणी’ आणि पाठवल्याची वेळ सकाळी १० वाजून १५ मिनिटे.